दोराय कुणाकडे बघते

३ ऑगस्ट

आज खोली मिळाली. स्टेडियमच्या पायऱ्यांखालीच या खोल्या काढल्यात, त्यामुळे छत तिरकं आहे. सकाळपासून दोनदा डोकं आपटलं. दोन खाटा, एक पंखा, आणि दुसऱ्या खाटेवर दोराय मागबानुआ.

हे नाव लिहितानासुद्धा हात थांबला. मी अकरा वर्षांची असताना घरी सुकी मासळी बांधायला रद्दी यायची, त्यातून तिचा फोटो मी फाडून ठेवला होता. शंभर मीटरची फीत छातीने तोडतानाचा. त्याला नऊ वर्षं झाली आणि अजून तिला या देशात कुणी हरवलेलं नाही. तीच दोराय आज माझ्या शेजारी बसून पायाची नखं कापत होती.

मी म्हटलं, "मिस मागबानुआ, मी युफेमिया सुमालिनोग, बोहोलची."

ती म्हणाली, "मिस काय? मानांग म्हण." आमच्या बोहोलात काय नि त्यांच्या आंतिकेत काय, थोरल्या बहिणीला मानांगच म्हणतात. मग मला म्हणाली, पलीकडची खाट घे, मला भिंतीकडची लागते.

डिसेंबरात आसपासच्या देशांच्या स्पर्धा आपल्याकडेच, मनिलात आहेत. म्हणजे चार महिने मी या बाईच्या हाताच्या अंतरावर राहणार. मेल्चोर सर, आमचे कोच, मला म्हणाले, "तिच्याकडून शीक. तोंड बंद आणि डोळे उघडे." मला ते दोन्ही एकदम जमत नाही, पण प्रयत्न करीन. सत्तावीस वर्षांची बाई दर वेळी कशी जिंकते ते मला शोधून काढायचंय. त्यासाठीच ही वही.

७ ऑगस्ट

आतापर्यंत हाती लागलेलं:

ती उजव्या कुशीवर झोपते, उजवा गाल उशीत रुतवून. एकदा झोपली की मेली. सकाळी सरांची शिट्टी दाराशी वाजते तरी उठत नाही, मला हलवावं लागतं. मी ठरवलं, गाढ झोप हेच रहस्य असणार. काल मीही उजव्या कुशीवर झोपले. मान धरली.

जेवायला बसताना टेबलाच्या अगदी डाव्या टोकाची खुर्ची. दुसरी कुणी तिथे बसली असेल तर ताट घेऊन उभी राहते, पण दुसरीकडे बसत नाही. तीन पदकं असली की खुर्चीही आपली ठरते, असं बासिलिसा म्हणते. बासिलिसा आमच्यातली तिसरी. जीभ तिखट आहे तिची.

मासा ताटात आला की दोराय तो आधी बोटाने दाबून बघते, मग काट्याने उलटा करून कणा उचकटते. काल कणा मधोमध मोडलेला निघाला. तिने ताट बाजूला सारलं आणि नुसत्या भातावर कालामांसीचं लिंबू पिळून खाल्लं. मी विचारलं, खराब होता का? म्हणाली, "नाही, ताजा होता." ताजा मासा का टाकायचा? मी तो मागून घेतला आणि खाल्ला. चांगला होता.

१४ ऑगस्ट

रिलेचा सराव. तिसरी मी, चौथी दोराय. मागून येऊन मी "हात" म्हणून ओरडायचं, तिने मागे न बघता हात मागे करायचा, मी त्यात बॅटन ठेवायची. तीनदा केलं, तिन्ही वेळा बॅटन मातीत. मी ओरडते आणि तिचा हात येतच नाही. मग अंतर संपतं, मी तिच्या पाठीवर जाऊन आदळते.

सर मलाच बोलले. घशात भाताची पेज अडकलीय का म्हणाले. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, पलीकडे गवत कापणारा माणूस वळून बघत होता. दोराय म्हणाली, "चूक माझी. लक्ष नव्हतं."

मला वाटतं, तिला माझ्या हातून बॅटन घ्यायची नाही. नऊ वर्षं शेवटची धावलेली बाई ती, आणि तिसरी म्हणून बोहोलची मासळीवाली आली.

२ सप्टेंबर

दोराय सुरुवातीला पाय रोवायच्या ब्लॉकमधून सगळ्यात शेवटी निघते. हे सगळ्या देशाला माहीत आहे. वर्तमानपत्रवाले लिहितात, मांजर जसं उंदराला आधी पळू देतं तसं ती बाकीच्यांना देते. लोकांना तेच आवडतं. तीस मीटरला सहावी, साठला तिसरी, शेवटी एकटी.

मी विचारलं, "मानांग, तू मुद्दाम उशिरा निघतेस का?"

ती हसली. "उशीर होतो, म्हणून मग पळावं लागतं, इंदाय." धाकट्या मुलीला त्यांच्याकडे इंदाय म्हणतात.

आज मीही मुद्दाम उशिरा निघून बघितलं. बारा पूर्णांक चार. सर म्हणाले, "कुणाची वाट बघत होतीस? जीपनी गाडीची?"

१७ सप्टेंबर

सापडलं. निदान अर्धं तरी.

ब्लॉकमध्ये वाकल्यावर सगळ्या खाली मातीकडे बघतात. दोराय बघत नाही. आज मी तिच्या डाव्या हाताच्या लेनमध्ये होते आणि बार उडायच्या आधी माझं लक्ष गेलं. ती काखेखालून माझ्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

२५ सप्टेंबर

खात्री केली. शेजारी बासिलिसा असली तर बासिलिसाच्या हाताकडे. दोन्हीकडे कुणी नसेल तर तिची सुरुवात आणखीच उशिरा होते. आम्हा दोघींना दोन्ही बाजूंना ठेवलं तर ती माझ्याकडे बघते, कारण कॅम्पात सगळ्यात आधी मी निघते. आई म्हणते मी जन्मलेही महिनाभर आधी.

मला आधी राग आला. म्हणजे माझी सुरुवात ती बघून बघून चोरते? मग वाटलं, देशातली सर्वात वेगवान बाई माझ्या हाताकडे बघते, हे काही कमी नाही. पण का? पिस्तूल सगळ्यांसाठी एकदमच वाजतं. माझ्या हाताकडे बघून तिला काय मिळतं? दिवसभर दुसरं काही सुचत नाही. आज भात करपला तो माझ्यामुळे.

१८ ऑक्टोबर

आज निवड होती. पहिल्या दोघी शंभर मीटरला जाणार.

मी तिसऱ्या लेनमध्ये, दोराय चौथ्यात. काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

स्टार्टर म्हणाला, "सेट." आम्ही कंबर उचलली. दोरायची नजर माझ्या उजव्या हातावर आहे हे मला न बघता कळत होतं. आणि मला वाटलं, आत्ता कळेल. ती पिस्तुलावर निघते की माझ्यावर. मी उजव्या हाताची तर्जनी उचलली. एवढीशी. कुणाला दिसली नसेल.

दोराय ब्लॉकमधून बाहेर.

स्टार्टरने थांबवायचा बार उडवला, सगळ्यांना मागे बोलावलं. चुकीची सुरुवात तिच्या नावावर लागली, लेनच्या खोक्यावर लाल खूण. अजून एक चूक आणि बाहेर. नऊ वर्षांत तिची अशी चूक कुणी पाहिली नव्हती. सर कागद खाली ठेवून उभे राहिले.

दुसऱ्यांदा वाकलो तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. पहिल्यांदाच खाली मातीकडे बघत होती. बार उडाला, आम्ही गेलो. ती इतकी मागे राहिली की मला वाटलं पाय मुरगळला. शेवटी शेवटी तिचा श्वास कानाशी आला, पण अंतरच संपलं. मी पहिली. बासिलिसा दुसरी. दोराय तिसरी, वितभर मागे.

अकरा पूर्णांक आठ. माझी आजवरची सर्वात चांगली वेळ. आईला पत्र लिहायला घेतलंय.

१९ ऑक्टोबर

पत्र अर्धंच राहिलं.

मला फक्त बघायचं होतं. फक्त कळून घ्यायचं होतं.

२० ऑक्टोबर

दुपारी नळावर कपडे धूत होतो. दोघीच. साबण लावता लावता ती म्हणाली, "बोट हललं ना तुझं?"

मी म्हटलं, डास होता.

तिने टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला. मग म्हणाली, "ऑक्टोबरात डास असतातच."

त्यावर मी गप्प राहायला हवं होतं. पण मला राहवलं नाही, मी विचारलं, "पण तू माझ्या बोटाकडे का बघतेस?"

तिने ते सांगितलं. कुणाला सांगू नकोस म्हणाली. वहीत लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

तिचा बाप तेव्हा सुरुंगाने मासे मारायचा. बाटलीत दारू भरायची, वात पेटवायची, फेकायची. सगळ्या किनाऱ्यावर करायचे, आणि पकडला गेला की तुरुंग. दोराय आठ वर्षांची होती. होडीतून उतरायचं नाही असं बजावलेलं होतं. पहिल्या बाटलीनंतर मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले आणि तिला ते गोळा करायचा मोह झाला. ती दुसऱ्या बाजूने पाण्यात उतरली. बापाने दुसरी बाटली टाकली.

डाव्या कानातून रक्त आलं. तिने समुद्राच्या पाण्याने धुतलं, ओल्या केसांनी झाकलं आणि होडीत येऊन बसली. त्या दिवसापासून डावा कान नाही. घरी कुणालाच सांगितलं नाही.

मी विचारलं, बापालाही नाही?

"त्याला तर नाहीच. कळलं असतं तर तो पुन्हा समुद्रावर गेला नसता. आम्ही सात जणं खाणारी." मग म्हणाली, "तसं पुढच्या वर्षी त्याने ते सोडलंच. किनाऱ्यावर पोलीस वाढले असतील. तेव्हापासून मिठागरावर जातो."

सुरुंगाने मेलेल्या माशाचा कणा मोडतो. म्हणून ती बघते.

उजवा कान चांगला होता. गेली दोन वर्षं तोही कापूस घातल्यासारखा झालाय. बार ऐकू येतो, पण कुठून आणि नक्की कधी ते कळत नाही. भांडं पडलं की बार उडाला, असं होतं. म्हणून शेजारणीचा हात.

"तुझा हात सर्वात खरा होता," ती म्हणाली.

मी बादली उचलून आत आले. डास नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

२४ ऑक्टोबर

वर्तमानपत्रात मथळा: मागबानुआ संपली का? खाली माझा फोटो, डोळे मिटलेले. बासिलिसाने तो भिंतीला लावला. मी काढला.

दोराय मला सुरुवात शिकवते आहे. मागचा ब्लॉक बोटभर पुढे घे, गुडघा आधी नको, खांदा आधी. स्वतःची जागा जिने घेतली तिला. मी म्हटलं, मानांग, तू रिलेत आहेस ना अजून. ती म्हणाली, हो, आणि तुझी "हात" ही हाक मला उजव्या कानाने थोडी थोडी ऐकू येते, वारा नसेल तर.

रोज स्वतःला विचारते, बोट उचललं ते कळून घ्यायला की जिंकायला. सकाळी वाटतं कळून घ्यायला. सराव संपताना, सगळ्या जणी माझ्या वेळेबद्दल बोलत असतात तेव्हा, दुसरं उत्तर येतं. बहुतेक दोन्ही एकाच वेळी होतं. हे लिहायला मला चार दिवस लागले.

२७ ऑक्टोबर

सरांना सांगितलं.

ते बाकावर बसून उकडलेल्या शेंगा खात होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की त्या दिवशी मी मुद्दाम बोट उचललं आणि त्यावर मानांग निघाली. ते शेंगा सोलत राहिले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "कोणतं बोट?"

मी दाखवलं.

"ते दुखतंय का आता?"

"नाही, सर."

"दुखायला हवं होतं." मग पुढची शेंग फोडत, "ती तुझ्या बोटावर का निघेल? पिस्तूल नव्हतं का तिथे?"

ते माझं नव्हतं सांगायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोरायला बोलावून आण म्हणाले.

दोराय आली. मी बाजूला व्हायला लागले तर सर म्हणाले, थांब, पायाला मुंग्या आल्या तरी थांब. त्यांनी तिला तोच प्रश्न विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला डावा कान नाही, सर. आणि उजवाही जातोय."

सरांनी शेंगांची पिशवी बंद केली. किती वर्षं, म्हणाले. तिने सांगितलं. नऊ वर्षं मी तुझ्या डाव्या बाजूने ओरडतोय, ते म्हणाले, आणि मला वाटायचं तू मला मोजत नाहीस. का लपवलंस?

ती म्हणाली, "काढून टाकाल म्हणून."

"नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. त्यात कान हा शब्दच नाही."

दोराय खाली बसली. त्या बाकावर, सरांशेजारी. मी तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले. तीन तारखेला बासिलिसा आणि दोराय एवढ्या दोघीच पुन्हा धावतील, जागा ठरवायला. मी नाही. शंभर मीटरला माझं नाव नाही. समितीला ते सांगतील, सुमालिनोगचा स्नायू ताणलाय. "रिलेत आहेस, कारण दुसरी कुणी नाही. ही माफी नव्हे. समजलं?"

मी हो म्हटलं.

खोलीत आल्यावर दोराय म्हणाली, "डास होता असंच सांगत राहिली असतीस तर चाललं असतं की." मला अजून कळत नाही ती गंमत होती की काय.

३ नोव्हेंबर

दोघी धावल्या. दोराय अकरा पूर्णांक सहा, बासिलिसा तिच्या मागे हातभर. दोघींची नावं आत गेली, मग दोघींना पळवलं कशाला? सर म्हणाले, "कागदावर खाडाखोड करण्याआधी पाय बघून घ्यावेत."

बासिलिसा मला म्हणाली, ताणलेला स्नायू दाखव बघू. मी उजवी पोटरी दाखवली. ती म्हणाली, सकाळी डावी होती.

९ नोव्हेंबर

डॉक्टरने दोरायच्या उजव्या कानाशी घंटा वाजवल्या, नादकाटे वाजवले, यंत्र लावलं. आहे ते टिकवायचं असेल तर मोठा आवाज त्या कानाजवळ नको, पिस्तूल तर नकोच. ती म्हणाली, महिन्याभराने अंतिम शर्यत आहे. तो म्हणाला, मी कान बघतो, शर्यती बघत नाही.

सर म्हणाले, तू ठरव. यात मी काही बोलणार नाही. असं म्हणून ते पुष्कळ बोलले. दोराय शेवटी म्हणाली, "मेण घालून पळते."

म्हणजे बार ऐकूच येणार नाही. थोडासुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर

आईने खोबरेल तेल पाठवलंय, आत लसूण आणि आलं कढवून, माझ्या ताणलेल्या स्नायूसाठी. पोरी, पहाटेच्या वाऱ्यात पाय उघडा ठेवू नकोस, असं लिहिलंय. मी ते तेल दोरायच्या पोटऱ्यांना चोळते. सगळी खोली आमच्या स्वयंपाकघरासारखी वासाची झालीय.

२२ नोव्हेंबर

रोज साठ सुरुवाती. ती मेण घालून चौथ्यात, मी तिसऱ्यात. सर कधी लगेच बार उडवतात, कधी इतका उशीर करतात की मांड्या थरथरतात. मी बारावर निघते, ती माझ्यावर.

पहिल्या दिवशी तिची नजर माझ्या हातावर होती. सर म्हणाले, "बोटांकडे बघायचं नाही. बोट खोटं हलतं, ते पाहिलंय आपण. खांदा बघ. खांदा हलला की माणूस गेलाच." माझ्याकडे बघून म्हणाले ते. बरोबरच आहे. स्पर्धेत शेजारी परकी मुलगी असेल, तिचा खांदा कसा हलतो ते काय माहीत. म्हणून सर रोज कुणाला तरी पकडून आणून तिसऱ्यात बसवतात. काल गवत कापणारा आला होता. तो फारच हळू निघाला आणि दोराय त्याच्यासाठी थांबली, हसून हसून बसली मग ब्लॉकमध्येच.

रिलेत आता हाक नाही. मी खुणेच्या रेघेवर आले की तिने निघायचं, सात पावलं मोजायची, आणि हात मागे. मी तिथे असलेच पाहिजे. सातापैकी सात वेळा असायला मला नऊ दिवस लागले.

मी आज विचारलं, ती पळायला कशी लागली. कुणीच शिकवलं नाही म्हणाली. शाळेत जाताना पोरं डाव्या बाजूने येऊन काहीतरी बोलायची आणि हसायची, तिला कळायचं नाही काय म्हणाली. पुढे गेलं की मागचं ऐकावं लागत नाही. एवढंच. मी इतके महिने काय काय शोधत होते.

७ डिसेंबर

आज अंतिम शर्यत झाली.

मी धावणार नव्हते, म्हणून कपड्यांची टोपली धरायला आत गेले. दोराय सहाव्या लेनमध्ये. पाचव्यात थायलंडची मुलगी, तिच्यापेक्षा उंच. कान मीच बंद केला. मेण तळहातावर मऊ करून आत दाबलं, वरून कापूस. मी काहीतरी बोलले, तिने माझ्या ओठांकडे बघून मान हलवली. काय बोलले ते मला आठवत नाही.

त्या वाकल्या. मी दोरायच्या मागे, दहा पावलांवर. ती डावीकडे बघत होती. स्टार्टरने वेळ लावला. पाचव्यातल्या मुलीने कोपर जरासं सैल केलं, पण दोराय हलली नाही. मग बार उडाला. सात जणी गेल्या आणि मग दोराय गेली.

मागून काहीच नीट दिसत नाही. आठ पाठी लहान लहान होत गेल्या. सहाव्या पाठीचा वेग वेगळा आहे एवढं मध्यावर कळलं. पुढे टोकाशी काय झालं ते मी दोरायकडे बघूनच समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, आणि ती तर थांबून इकडेतिकडे बघत होती, हरवल्यासारखी. तिला कोण सांगणार होतं? मग बासिलिसा, जी पाचवी आली होती, धावत गेली आणि तिने दोरायला कमरेला धरून उचललं. तेव्हा मला कळलं आणि तेव्हाच तिलाही कळलं.

मी टोपली टाकून शंभर मीटर धावले. त्याची वेळ कुणी घेतली नाही.

मेण काढू का, मी खुणेने विचारलं. ती नको म्हणाली. राष्ट्रगीताच्या आधी, पायरीवर चढण्यापूर्वी, तिने स्वतःच्या नखाने ते काढलं आणि माझ्या हातात दिलं.

१० डिसेंबर

रिले. दुसऱ्या आलो. सात पावलं, हात आला, बॅटन बसली. मी सवयीने ओरडलेच. सर म्हणाले, "कुणाला ऐकवत होतीस?" पण पाठीवर हात ठेवला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

दोरायने वार्ताहरांना सांगितलं की आता बास. त्यांनी विचारलं का. ती म्हणाली, "मीठ वेचायला घरी माणूस कमी आहे."

९ जानेवारी, आंतिके

दोरायने आग्रह केला म्हणून बोहोलला जाण्याआधी तिच्या गावी आले. बोटीने इलोइलो, तिथून बस. बसमध्ये मी खिडकीशी, ती माझ्या डावीकडे. आता हे आपोआप होतं.

वाटेत तिने मला विचारलं, "त्या दिवशी लोक काय ओरडत होते गं?"

वीस हजार माणसं होती, आणि मी काहीच ऐकलं नव्हतं. मी तिच्या पाठीकडे बघत होते. काहीतरी बनवून सांगावं असं वाटलं, पण नाही सांगितलं. मी म्हटलं, "नाही माहीत, मानांग. मी ऐकलंच नाही." ती म्हणाली, असू दे.

उतरण्याआधी तिने बजावलं, घरात कानाबद्दल चकार शब्द नाही. एकोणीस वर्षं सांभाळलंय, आता ताताय म्हातारे झालेत, उगाच जिवाला लावून घेतील.

१० जानेवारी

घर किनाऱ्याजवळ, मिठागराला लागून. ताताय अम्बो, दोरायचे वडील, बारीक, काळे, फार कमी बोलणारे. काल दिवसभरात माझ्याशी तीन वाक्यं बोलले, त्यातली दोन "जेव" अशी. पदक त्यांनी हातात घेऊन जोखलं आणि तिच्या आईला दिलं.

आज दुपारी जेवण झाल्यावर बाहेर बाकावर बसलो होतो. ताताय, दोराय, मग मी जमिनीवर. दोराय मला पुन्हा तेच म्हणाली, हसत, की स्वतःची शर्यत आपल्याला कधीच कळणार नाही, सिनेमा आवाजाशिवाय बघितल्यासारखी झाली. मग तिच्याच लक्षात आलं आपण कुणासमोर बोललो, आणि ती गप्प झाली. मी घाईघाईने म्हटलं, गर्दीच एवढी होती, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

ताताय म्हणाले, "मी ऐकलीय. दुकानातल्या रेडिओवर. सगळी पाठ आहे."

ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. ते उठले, गुडघ्यावर हात टेकत, बाकाला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिच्या उजवीकडे बसले. मला वाटलं तिकडे सावली जास्त आहे म्हणून. मग जरा तिच्याकडे झुकून सुरू झाले, अगदी रेडिओवाल्याच्या आवाजात: "मंडळी, सहाव्या लेनमध्ये आपली मागबानुआ. वाऱ्याने झेंडे हलतायत. सगळं स्टेडियम उभं राहिलंय, मंडळी, सगळी माणसं उभी आहेत..." मध्ये साबणाची जाहिरात होती, तीही त्यांनी म्हटली.

दोराय रडायला लागली. आवाज न करता, समोर बघत, हात मांडीवर तसेच. ताताय थांबले नाहीत. त्यांनी फक्त आवाज थोडा वाढवला.

का रडली ते मला कळलं नाही. अजून शर्यत सुरूसुद्धा झाली नव्हती.